आस किती ठेवायचा, हे पाणी ठरवतं

तंगूसचं, म्हणजे नायलॉनच्या धाग्याचं, नवं जाळं हातात आलं की मच्छीमार आधी त्यात बोटं घालून पाहतो. दोन बोटं बसली तर दोन बोटांचं, चार बसली तर चार बोटांचं. कारखान्यातून आलेल्या गठ्ठ्यावर मात्र मिलिमीटर छापलेले असतात आणि पुष्कळदा गोंधळाला तिथूनच सुरुवात होते. जाळ्याच्या एका घराला, म्हणजे आसाला, चार गाठी आणि चार बाजू असतात. एका गाठीपासून शेजारच्या गाठीपर्यंत पट्टी लावली तर एक आकडा येतो. तोच आस ताणून समोरासमोरच्या गाठींमधलं अंतर मोजलं तर बरोबर दुप्पट येतो. एक जण ५० म्हणतो, दुसरा १०० म्हणतो, आणि जाळं एकच असतं. सरकारी नियमांत आणि अभ्यासात बहुतेक वेळा ताणलेला आस धरतात, म्हणून या लेखातही तोच धरला आहे. मोजायची रीतही ठरलेली आहे. जाळं ओलं असावं, वेगवेगळ्या जागचे निदान दहा आस मोजावेत आणि सरासरी काढावी. वापरून वापरून काही आस सैलावलेले असतात, काही आखडलेले असतात, त्यामुळे एकाच आसावर भरवसा ठेवता येत नाही.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत समुद्र नाही, तरी हा प्रश्न इथल्या शेकडो कुटुंबांच्या रोजच्या भाकरीशी बांधलेला आहे. नांदेडजवळ असर्जनला गोदावरीवर विष्णुपुरी धरण आहे. मन्याड नदीवर लिंबोटीला ऊर्ध्व मानार आणि बारूळला निम्न मानार आहे. पैनगंगेवरच्या इसापूर धरणाचं पाणी नांदेडपर्यंत येतं. लातूरकडे तावरजा, व्हटी, रेणा, तिरू, देवर्जन, साकोळ, घरणी आणि मसलगा हे मध्यम प्रकल्प आहेत. ज्याच्यावर लातूर शहराची तहान भागते ते मांजरा धरण थोडं पलीकडे, केज तालुक्यात धनेगावला आहे. जलाशयातली मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिली जाते. सभासदांत भोई समाज मोठ्या संख्येनं आहे. संस्था बोटुकली, म्हणजे माशांची लहान पिल्लं, विकत घेऊन पाण्यात सोडते, सभासद थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा होडीतून संध्याकाळी जाळी लावतात आणि पहाटे उचलतात. बोटुकलीचे पैसे आज जातात, ते परत कधी आणि किती येणार हे बऱ्याच अंशी आसावर ठरतं.

आसाच्या आकारावर जगात सर्वांत जास्त काम झालं आहे ते ट्रॉल जाळ्यावर. बोटीमागे ओढलं जाणारं हे पिशवीसारखं जाळं. मासळी शेवटी जमते ती त्याच्या शेपटाच्या पिशवीत. कोळीवाड्यात डोल जाळ्याच्या अशा पिशवीला खोला म्हणतात. लहान मासा निसटणार की नाही, हे मुख्यतः खोल्याच्या आसावर ठरतं. चाचणी करताना खोल्याभोवती आणखी बारीक आसाची दुसरी पिशवी चढवतात. आतल्या पिशवीतून निसटलेला मासा बाहेरच्या पिशवीत सापडतो. मग दोन्हींतले मासे लांबीप्रमाणे मोजले की प्रत्येक लांबीच्या माशांपैकी किती टक्के अडकले ते कळतं. ज्या लांबीला निम्मे अडकतात आणि निम्मे सुटतात, ती त्या जाळ्याची ओळख. बाहेरची पिशवी आतलीला चिकटली तर आस झाकले जातात आणि सगळा हिशेब चुकतो, म्हणून तिला कडी लावून दूर धरावं लागतं.

या चाचण्यांतून एक फार उपयोगी गोष्ट पुढे आली. नेहमीचा शंकरपाळ्याच्या आकाराचा आस खोल्यात मासळीचा भार आला की लांबट होऊन मिटतो. कागदावर ४० मिलिमीटर असलेला आस पाण्यात जवळजवळ बंद असतो. तेच जाळं फिरवून चौकोनी आस समोर येईल असं बसवलं तर भाराखालीही तो उघडा राहतो आणि लहान मासळी बाहेर पडते. कोचीची केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था गेली अनेक वर्षं चौकोनी आसाचा आग्रह धरते आहे. आपल्या सिंधुदुर्गात कांदळवन कक्षानं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीनं अशा जाळ्यांचा ट्रॉलरवाल्यांत प्रसार केला. किनाऱ्यावर १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमाखाली आसाचे नियम होतात. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशात पर्ससीन जाळ्याचा आस २५ मिलिमीटरपेक्षा लहान नको असं ठरलं. पुढे २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवण्यात आली, त्यात पापलेटची १३५ मिलिमीटर आहे.

हे सगळं मराठवाड्याच्या धरणात जसंच्या तसं लागू होत नाही. पहिलं कारण जाळ्याचं आहे. ट्रॉलचा खोला ही चाळणी असते: ठरावीक आकाराहून मोठं सगळं आत राहतं, लहान खाली पडतं. आपल्याकडे मुख्यतः वापरतात ते कल्ला जाळं. पाण्यात पडद्यासारखं उभं असतं. मासा स्वतःहून येऊन त्यात डोकं घालतो. डोकं आत जातं, पण अंगाचा जाडसर भाग जात नाही. मागे सरकायला गेला की तंगूस कल्ल्याच्या कडेखाली शिरतो आणि मासा अडकतो. म्हणजे इथे दोन मर्यादा आहेत. डोकंच मावलं नाही तर मासा धडकून परत जातो. अंगही सगळं मावलं तर आरपार निघून जातो. कल्ला जाळं लहान माशाला सोडतं तसंच फार मोठ्यालाही सोडतं. मधल्या एका आकाराचे मासेच त्यात भरपूर मिळतात.

पाण्यावर बसून हे समजावून घ्यायचं असेल तर एक सुतळी पुरते. आस ताणून १०० मिलिमीटर भरला, तर त्याचा पूर्ण घेर २०० मिलिमीटर होतो. आता हातातल्या रोहूच्या कल्ल्यामागून सुतळी गुंडाळा, मग पाठीच्या काट्यापाशी, जिथे अंग सर्वांत जाड असतं तिथे गुंडाळा. कल्ल्यापाशी घेर २०० हून कमी आणि पाठीपाशी त्याहून जास्त भरला, तर तो रोहू त्या जाळ्याचा. दोन्ही घेर कमी भरले तर तो निसटणारा, दोन्ही जास्त भरले तर तो धडकून जाणारा. आता शेजारी त्याच लांबीचा कटला ठेवा. त्याचं डोकं मोठं, अंग रुंद, त्यामुळे घेर कितीतरी जास्त. मृगळ सडपातळ. मरळ तर दंडगोलासारखी गोल, आणि वाम सापासारखी, तिला कसलाच आस धड धरत नाही. तेव्हा एकाच आसात सापडणारा कटला लहान वयाचा असतो, मृगळ मोठ्या वयाचा. शिंगाळ्याची गोष्ट आणखी वेगळी. त्याच्या पंखांचे करवती काटे आणि मिशा तंगूसमध्ये गुंततात, त्यामुळे हव्या त्या आसात बारका शिंगाळाही सापडतो. तिथे घेराचं गणित चालत नाही.

या गणिताचा पाया रशियन शास्त्रज्ञ फ्योदर बारानोव यांनी १९१४ मध्ये घातला. त्यांचं म्हणणं सरळ होतं: लहान मासा आणि मोठा मासा एकाच जातीचा असेल तर त्यांचा आकार सारखाच असतो, फक्त माप वेगळं. म्हणून आस दुप्पट केला तर त्यात सर्वांत जास्त सापडणाऱ्या माशाची लांबीही दुप्पट होते. ब्रिटिश शास्त्रज्ञ सिडनी होल्ट यांनी १९६३ मध्ये याच्यावर एक व्यवहारी रीत मांडली. पाण्यात नेमके किती मासे आहेत हे माहीत नसलं तरी चालतं. जवळजवळच्या मापाची दोन जाळी शेजारी लावायची, दोन्हींत प्रत्येक लांबीचे किती मासे आले ते मोजायचं आणि त्यांचं गुणोत्तर काढायचं. लहान लांबीकडे बारीक आसाचं जाळं पुढे असतं, मोठ्या लांबीकडे मोठ्या आसाचं. ज्या लांबीला दोन्ही सारखी येतात, तिच्या आजूबाजूला दोन्ही जाळ्यांचे घंटाकृती आलेख एकमेकांना छेदतात. तिथून प्रत्येक आसाची सर्वोत्तम लांबी काढता येते.

युरोपातल्या तळ्यांसाठी याच तत्त्वावर एक प्रमाणित चाचणी-जाळं वापरतात. ते ३० मीटर लांब असतं आणि त्यात १२ तुकडे असतात, प्रत्येकाचा आस वेगळा. तिथे गाठ ते शेजारची गाठ असं मोजतात. सर्वांत बारीक ५ मिलिमीटरचा, सर्वांत मोठा ५५ चा. प्रत्येक पुढचा आस मागच्याच्या साधारण सव्वापट. पाच-पाच मिलिमीटरनं वाढवत न नेता सव्वापटीनं का, याचं उत्तर बारानोवच्या नियमात आहे. १० वरून १५ वर जाणं ही माशांच्या हिशेबात मोठी उडी आहे, ५० वरून ५५ वर जाणं काहीच नाही.

असं जाळं लिंबोटीत किंवा तिरू प्रकल्पात लावायला फार खर्च येणार नाही. आपल्या बाजारात मिळणाऱ्या मापांचे सहा-सात तुकडे एकाच दोरीला भरायचे. मात्र काही पथ्यं कडक पाळावी लागतात. सगळ्या तुकड्यांचा तंगूस एकाच जाडीचा आणि एकाच रंगाचा हवा, कारण जाड तंगूस माशाला दिसतो आणि बारीक तंगूस जास्त धरतो. दोरीवर भरताना ढील सारखा हवा. शंभर मीटर ताणलेलं जाळं पन्नास मीटर दोरीवर भरलं तर आस उंच आणि अरुंद होतो. सत्तर मीटरवर भरलं तर जवळजवळ चौकोनी होतो. आकार बदलला की धरण्याची ताकद बदलते, आणि मग फरक आसामुळे पडला की भरणीमुळे, हे कळायला मार्ग उरत नाही. तुकड्यांची जागा रोज बदलावी, नाहीतर काठाजवळच्या तुकड्यात नेहमी बारकी मासळी येते आणि दोष आसाला लागतो. लावण्याची आणि उचलण्याची वेळ रोज तीच ठेवावी. आणि प्रत्येक मासा मोजावा, विकायचा तेवढाच नव्हे. नोंदवहीत जात, लांबी, घेर, वजन, कोणत्या आसात सापडला आणि कसा सापडला, कल्ल्यात, पोटाशी की काट्यानं गुंतून, हे सगळं यावं. शेवटची ही नोंद बहुतेक जण गाळतात. माझ्या मते तीच सर्वांत मोलाची, कारण कल्ल्यात अडकलेले मासे वेगळे काढले तरच आलेख स्वच्छ येतो.

उदगीरला महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. लातूर जिल्ह्यातले निम्मे प्रकल्प तिथून एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर असतील. संस्थेनं तराफा आणि माणसं द्यावीत, विद्यार्थ्यांनी पट्टी आणि वही सांभाळावी, अशी जोडणी झाली तर प्रत्येक जलाशयाची स्वतःची आकडेवारी उभी राहील.

आता समुद्राचे नियम इथे जसेच्या तसे न चालण्याचं दुसरं कारण, आणि ते जाळ्याहून मोठं आहे. समुद्रात आस मोठा ठेवा असं सांगताना मुख्य युक्तिवाद पुढच्या पिढीचा असतो: माशाला एकदा तरी अंडी घालू द्या. पापलेटच्या बाबतीत हे पूर्ण खरं आहे. पण रोहू, कटला, मृगळ वाहत्या पाण्यात, पावसाळ्यातल्या पुरात अंडी घालतात. साचलेल्या जलाशयात त्यांची वीण भरवशाची नसते. म्हणूनच १९५७ साली ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी पीयूषिका ग्रंथीच्या अर्काची सुई देऊन अशा भारतीय कार्प माशांची वीण घडवली, तेव्हा देशातल्या जलाशयांचं चित्रच बदललं. तो दिवस, १० जुलै, आज मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. आपल्या धरणातला कटला बहुतेक वेळा हॅचरीतून आलेला असतो: मत्स्यजिरे, अर्धबोटुकली, बोटुकली अशा पायऱ्या चढून. त्याला वाचवायचं ते वाढण्यासाठी.

आणि वाढीचा हिशेब डोळे उघडणारा आहे. लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं. वीस सेंटिमीटरचा रोहू शंभरेक ग्रॅमचा, चाळीस सेंटिमीटरचा आठशेच्या आसपास. समजा पाण्यात पाव किलोचे एक हजार मासे आहेत. बारीक आसानं आज सगळे उचलले तर अडीचशे किलो माल. थांबलो, आणि किलोचे होईपर्यंत त्यांतले तीनशे मेले, चोरीला गेले, पक्ष्यांनी नेले, तरी उरलेल्या सातशेंचे सातशे किलो होतात. शिवाय मोठ्या माशाला किलोमागे भावही चढा मिळतो. थांबण्यात तोटा केव्हा होईल? हजारातले साडेसातशेहून जास्त मासे मधल्या काळात गेले तर. चांगल्या पावसाच्या वर्षी असं सहसा होत नाही. तेव्हा चांगल्या वर्षी बारीक आसाचं जाळं लावणं म्हणजे सभासदांच्याच पैशाची नासाडी आहे, आणि मच्छरदाणीचं कापड लावून पाण्यातून बोटुकली गाळणं हे तर अंगावर काटा आणणारं नुकसान आहे.

पण मराठवाड्यात सगळी वर्षं चांगली नसतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. पहिल्या फेरीत सुमारे पाच लाख लिटर आलं, आणि पावसाळा लागल्यावरही काही काळ त्या फेऱ्या चालू होत्या. ज्या धरणात माणसाला प्यायला पाणी नाही, तिथे मोठा आस ठेवून वाट पाहणाऱ्या संस्थेच्या हाती काय लागलं असेल? काहीच नाही. हजारातले साडेसातशे नाही, हजारच्या हजार गेले असतील. पाणी आटायला लागलं की उथळ डबक्यात ऊन तापतं, प्राणवायू कमी होतो आणि मासे रात्रीतून उलटे तरंगतात. त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी मांजरा भरलं, पण पाणी आलं म्हणून मासे येत नाहीत. बोटुकली नव्यानं सोडावी लागते आणि वाढीचं घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

म्हणून मला वाटतं, मराठवाड्यातल्या जलाशयांना आसाचा एकच कायमचा आकडा लावणं चुकीचं आहे. समुद्राला तो शोभतो, कारण समुद्र आटत नाही. इथे आस पाण्याच्या पातळीशी बांधायला हवा. पावसाळा संपला की पाटबंधारे विभागाकडे प्रत्येक धरणाचा उपयुक्त साठा किती टक्के आहे याचा आकडा असतो. तो बघून संस्थेनं वर्षाचा आस ठरवावा. धरण भरलेलं असेल तर मोठा आस, आणि मासा किलोचा होईपर्यंत बारीक जाळ्याला बंदी. साठा बेताचा असेल तर मधला आस आणि उन्हाळ्याच्या आधी टप्प्याटप्प्यानं उचल. पाणी मृतसाठ्याकडे चाललं असेल तर आसाची बंधनं काढून ओढजाळ्यानं होता होईल तेवढी मासळी वेळेत बाजारात आणावी. तिथे सोडून दिलेला मासा कोणाच्याच कामाचा नाही. हे निर्णय एका बैठकीत घेता येतात, कारण समुद्रापेक्षा इथे एक गोष्ट फार अनुकूल आहे: पाणी एका संस्थेच्या ताब्यात असतं. किनाऱ्यावर मी सोडलेला मासा दुसऱ्या बोटीच्या खोल्यात जातो. घरणीच्या पाण्यात सोडलेला मासा घरणीतच वाढतो. विष्णुपुरीसारख्या ठिकाणी अडचण जास्त आहे, कारण ते नदीचंच रुंदावलेलं पात्र आहे, दारं उघडली की मासा खाली जातो आणि वरून नवा येतो. तिथे संस्थेच्या एकटीच्या शिस्तीला मर्यादा पडतात.

एक गुंता मात्र आस ठरवून सुटत नाही, तो चिलापीचा. हा परदेशी मासा जलाशयात स्वतःच वीण करतो, पिल्लं तोंडात सांभाळतो आणि गर्दी वाढली की खुजा राहूनही पुन्हा विणीला येतो. मोठ्या आसातून तो आरपार जातो आणि कार्पच्या वाट्याचं खाणं खातो. त्याला उपसायला बारीक आस लागतो आणि बारीक आसात बोटुकली मरते. यावर जाळ्यापेक्षा जागा आणि वेळ उपयोगी पडते. चिलापी काठाच्या उथळ पाण्यात खळगे करून घरटी मांडते. बारीक जाळं फक्त काठापासून ठरावीक अंतरात, फेकजाळ्याच्या स्वरूपात वापरू द्यावं, आणि बोटुकली सोडल्यानंतरचे सुरुवातीचे महिने तेही बंद ठेवावं. मरळ आणि शिवडा यांसारखे मांसाहारी मासे बारक्या चिलापीवर ताव मारतात. ते जलाशयात टिकले तर हे काम थोडं ते करतात, पण तेच बोटुकलीही खातात, म्हणून बोटुकली चांगली बोटभर झाल्याशिवाय सोडू नये. चाचणीच्या जाळ्यात चिलापीचा तक्ता वेगळा ठेवला तर बारीक तुकड्यांत तिचं प्रमाण दर महिन्याला किती आहे ते दिसेल, आणि काठावरची उचल वाढवायची की थांबवायची हे त्यावरून ठरवता येईल. अशा वहीची सुरुवात पाणी भरलेलं असतं तेव्हा, दिवाळीच्या सुमाराला करणं सोयीचं आहे. बुडालेल्या बाभळींची खोडं तेव्हा खोल असतात आणि चाचणीचं जाळं फाटत नाही.